डोक्याकडची ड्यूटी

कुठलीही जागा आत शिरताना बघायची नसते, बाहेर पडताना बघायची असते, या तत्त्वावर सबंध आयुष्य काढलेला माणूस मी तरी जगात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो. अख्खं नगर त्यांना डॉक्टर म्हणायचं, आणि पाठीमागे जे म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारण भाऊजी पोटाचे सर्जन असले तरी त्यांचा सगळा जीव गुंतला होता तो मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकात. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. तेव्हा हे टोक आतून बघायला फूटभर लांबीची, ताठ, चकचकीत धातूची एक नळी असे. तिच्या आत इवलासा दिवा, आणि एका बाजूने डॉक्टरने डोळा लावायचा. या नळीविषयी भाऊजी कुठेही, कुणाहीसमोर, पूर्ण तपशिलात बोलत. एकदा दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी आले असताना चकलीच्या वेटोळ्यावरून बोट फिरवत त्यांनी आतड्याची वळणं अशी काही समजावून सांगितली, की माझ्या आईने पदर नाकाला लावला आणि चकल्यांचा डबा मुकाट्याने फळीवर ठेवून दिला. भाऊजींना वाटलं, सासूबाईंना पडसं झालंय. जाताना त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

तर ते तत्त्व. नळी आत घालताना डॉक्टरचं लक्ष वाट सापडण्याकडे असतं आणि रोग्याचं लक्ष देवाकडे. खरं बघायचं ते नळी सावकाश बाहेर काढताना. आतड्याची एकेक घडी उलगडत, तिच्या मागे डोकावत. हे वैद्यकशास्त्राला धरूनच होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार अशी, की भाऊजींनी तेच सगळ्या जगाला लावलं. लग्नाला गेले की मांडवात शिरताना डावीउजवीकडे न बघता तडक शेवटपर्यंत, आचाऱ्याच्या चुलाण्यापर्यंत चालत जात. दाराशी गुलाबपाणी घेऊन उभा असलेला वधूपिता तसाच उभा राही. मग तिथून वळून ते जे परत यायला लागत, ते प्रत्येक खुर्चीपाशी थांबून, प्रत्येकाची चौकशी करून, लहान मुलांच्या जिभा बघून, पंगत उठेपर्यंत दारापाशी पोचत. बाजारातही तीच तऱ्हा. माळीवाड्याची एक भाजीवाली त्यांना दरवेळी ओरडून म्हणायची, "डाक्टर, जाताना का न्हाई हो बगत? तुमी माघारी येस्तवर माजी मेथी सुकून जाती." आमची अक्का पिशवी घेऊन मागून धावत असायची. लग्न झाल्यापासून तिने जाताना एकही वस्तू विकत घेतलेली नव्हती.

दुसरी खोड याहून बिकट. कुठलंही काम बघितलं की ते कसं झालं हे भाऊजी कधी विचारत नसत, 'किती राहिलं?' असं विचारत. त्यांच्या मते कामाचा दर्जा काय सापडलं यावरून ठरत नसे, काय नजरेतून सुटलं यावरून ठरे. एस.टी.त चढले की कंडक्टरला विचारणार, "मागच्या स्टँडवर किती माणसं घ्यायची राहिली?" पुरणपोळीचं जेवण झालं की आचाऱ्याला, "फाटल्या किती?" मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. एकदा मुलांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन मांडलं, हेडमास्तर खूश, पालक खूश. भाऊजी तडक शेवटच्या भिंतीपर्यंत गेले, तिथून सावकाश परत आले आणि म्हणाले, "मास्तर, कपाटात किती राहिली?" तीन मुलांची चित्रं खरोखरच कपाटात राहिली होती.

याच प्रश्नाने त्यांनी मुंबईत एकदा घोटाळा करून ठेवला. तिथल्या एका मोठ्या, शिकवण्याच्या इस्पितळात परदेशातून एक नवी दुर्बीण आली होती. ती म्हणे दोरीसारखी वाकते आणि सगळं मोठं आतडं आरपार दाखवते. भाऊजी ते प्रात्यक्षिक बघायला पदरमोड करून गेले, मलाही सोबत नेलं. तिथल्या बड्या डॉक्टरांनी दुर्बिणीचं कौतुक सांगितलं, टाळ्या झाल्या, कुणाला काही शंका आहे का म्हणून विचारलं. भाऊजी उठून उभे राहिले. "हिच्यातून बघताना तुमच्या नजरेतून किती सुटतं, ते मोजलंय का?" मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "सुटलेलं दिसत नाही, म्हणून तर ते सुटलं म्हणायचं. ते मोजणार कसं?" सगळे हसले. भाऊजीही हसले, पण परतीच्या गाडीत चेहरा पडलेला. कर्जतच्या घाटातून (हे कर्जत मुंबईकडचं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे) गाडी चढत असताना ते मला म्हणाले, "मोजता येईल. मी मोजून दाखवतो."

त्यांच्या या वेडामागे एक माणूस होता, तो मात्र आपल्या कर्जतचाच. भाऊजी नवीन होते तेव्हा त्याला तपासून त्यांनी सांगितलं होतं, "काही नाही, मूळव्याध आहे." तो बिचारा एवढा खूश झाला, की त्या थंडीत हुरड्याची पिशवी घेऊन घरी आला, अक्काच्या हातचा चहा पिऊन गेला. पुढच्या थंडीत आला तो बैलगाडीत आडवा. जे होतं ते आधीच्या तपासणीच्या वेळीही असणार, एखाद्या घडीमागे, भाऊजींच्या घाईला न दिसलेलं. आता उपाय राहिला नव्हता. त्यानंतर भाऊजींनी हुरडा तोंडात घातला नाही. आणि आपल्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांना एक वाक्य कायमचं बंद करून टाकलं. 'काही नाही' असं म्हणायचं नाही. आतडं स्वच्छ नसेल तर 'आज दिसलं नाही, उद्या परत' असं रोग्याला तोंडावर सांगायचं.

नगरच्या ज्या धर्मादाय इस्पितळात ते होते, तिथे पुण्याहून डॉक्टरकीची शेवटच्या टप्प्यातली मुलं काही महिने शिकायला येत. त्यांच्यासाठी मुंबईहून आल्यावर भाऊजींनी एक खोटं आतडं तयार केलं. पंक्चरवाल्याकडून मोटारसायकलची एक जुनी ट्यूब कापून आणली. आतल्या अस्तरासाठी अक्काचा लाल फ्लॅनेलचा परकर गेला. अक्कानेच त्याची लांब बाही शिवली आणि तिला आतून चुण्या घातल्या. "खऱ्या असतात तशा घाल, ब्लाउजला घालतेस तशा नको," असं भाऊजी सांगत आणि ती बापडी उसवून पुन्हा घाली. माझं काम त्या चुण्यांमध्ये दाणे चिकटवायचं. बहात्तरच्या त्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी मिळायची, जिच्या भाकरीने सगळ्या जिल्ह्याच्या पोटात गोळा आणला. तिचा दाणा लाल फ्लॅनेलवर इतका बेमालूम मिसळे, की भाऊजी म्हणाले, "परमेश्वराने ही जात खाण्यासाठी निर्माण केलेलीच नाही." किती दाणे आणि कुठे, हे फक्त मला ठाऊक. दर सोमवारी सकाळी शाळेआधी मी ते आतडं पिशवीत घालून इस्पितळात नेत असे. रस्त्यात ओळखीचं कुणी "काय आणलंत मास्तर?" म्हणालं की मी विषय बदलायचो.

मग परीक्षा. एकेकाने नळी घालायची, सावकाश काढायची, किती दाणे दिसले ते सांगायचं. सगळ्यांचं झालं की अस्तर बाहेर ओढून शर्टाच्या बाहीसारखं उलटं करायचं, म्हणजे खरं-खोटं सगळ्यांसमोर. ज्याचा एक जरी दाणा सुटला, त्याने त्या आठवड्यात नळीला हात लावायचा नाही. त्याची नेमणूक रोग्याच्या डोक्याकडे. तपासणी चालू असताना उशाशी उभं राहायचं, रोग्याचा हात धरायचा, त्याला बोलतं ठेवायचं. पोरं या कामाला 'डोक्याकडची ड्यूटी' म्हणत आणि तिला भारी घाबरत. आणि या नियमाची खरी गोम अशी, की भाऊजी स्वतःही दर सोमवारी परीक्षेला बसत. इस्पितळातले बाकीचे डॉक्टर म्हणत, "अहो, तुम्ही गुरू. तुम्ही कशाला?" भाऊजी म्हणत, "माझं आतडं वेगळ्या कापडाचं शिवलंय का?"

वेळाचंही त्यांनी मोजमाप ठरवलं होतं. नळी बाहेर काढताना ते तोंडाने पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंतचे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणत. ते पाढे संपायच्या आत जो नळी बाहेर काढेल, त्याने बघितलंच नाही असं धरायचं. नवख्या रोग्याला हे काय चाललंय ते कळत नसे. श्रीगोंद्याकडची एक म्हातारी कळवळून म्हणाली होती, "आवो, माजं बिल मोजताय काय आत्ताच?" आणि काष्टीचे एक रिटायर गुरुजी त्या अवघड अवस्थेत पालथे असताना भाऊजी औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, चुकले, 'नऊ औटे साडेतीस' म्हणाले, तर गुरुजी उशीतून तोंड वर काढून गरजले, "साडेएकतीस! पहिल्यापासून म्हणा!" भाऊजींनी खरोखर पहिल्यापासून म्हटलं. गुरुजींना आपल्या शिस्तीची किंमत त्या दिवशी कळली असावी.

दुष्काळात पाण्याचे हाल होते. तपासणीआधी आतडं धुवायला एनिमा लागतो, त्याला पाणी लागतं, आणि इस्पितळाच्या टाकीत तर खडखडाट. भाऊजींनी घरी अंघोळ बंद केली. ओल्या पंचाने अंग पुसायचे आणि आपल्या वाटणीची बादली सायकलला अडकवून, ती न हिंदकळता, सावेडीच्या कच्च्या रस्त्यावरून इस्पितळात न्यायचे. सावेडीत तेव्हा नुकती कुठे घरं व्हायला लागली होती. अक्का मला म्हणाली, "मेला माझाच नवरा असा, ज्याच्या अंघोळीचं पाणी कुठे जातं ते चार बायकांत सांगायची सोय नाही." पण सांगताना हसत होती, आणि दोन दिवसांनी तिचीही बादली सायकलला दुसऱ्या बाजूने लटकलेली मला दिसली.

मुलांमध्ये शिंदे नावाची एक मुलगी होती, साताऱ्याकडची. हुशार, पण सगळ्यात घाई. पहिले कितीतरी आठवडे ती डोक्याकडेच उभी होती. एकदा चिडून रडली. भाऊजी तिला म्हणाले, "रडून झालं की पुन्हा बघ. डोळे धुतले गेलेत, आता बरं दिसेल." हळूहळू ती अशी तयार झाली, की मी दाणे लपवून लपवून थकलो. तिच्यासाठी मी चुणीच्या आत चुणी करायला लागलो.

आणि याच सुमाराला भाऊजींचं सायकल चालवणं बंद झालं. म्हणाले, रस्त्यावर गर्दी फार वाढली. सावेडीच्या रस्त्यावर तेव्हा शेळ्या सोडल्या तर कुणी नसायचं. अक्काने पुण्याला नेऊन डोळे दाखवले. मोतीबिंदू असता तर काढला असता. पण दुखणं डोळ्याच्या पडद्याचं निघालं, त्याला इलाज नव्हता. बारीक गोष्टी आधी जाणार, मग मोठ्या. भाऊजींनी हे मुलांना सांगितलं नाही, पण लपवलंही नाही. मला एवढंच म्हणाले, "सोमवार आहे ना. सोमवार सांगेल."

त्या रविवारी संध्याकाळी मी अक्काच्या ओसरीवर डिंक आणि मिलो घेऊन बसलो होतो. अक्का शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाळ, यांच्यासाठी जरा सोपे लाव ना रे. उघड्यावर लाव. ते घरी बसले तर काय करतील, सांग मला." मी एक दाणा उचलला आणि अगदी तोंडाशी, उजेडात ठेवून बघितला. कुणालाही दिसला असता. मग मला तो कर्जतचा माणूस आठवला. अक्काच्या हातचा चहा पिऊन गेलेला. मी अक्काला म्हटलं, "अक्का, त्यांचं आतडं वेगळ्या कापडाचं नाही." ती उठून आत गेली. दाणे लावताना डिंक बोटांना चिकटत होता, पण एकही दाणा मी उघड्यावर लावला नाही.

सोमवारी सगळ्यांची परीक्षा झाली. भाऊजी शेवटी बसले. पाढे सगळे म्हटले, घाई अजिबात केली नाही, आणि किती दिसले ते सांगितलं. अस्तर उलटं केलं तर एक दाणा जास्त निघाला, त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच. शिंदेचा एकही सुटला नव्हता. पोरं जमिनीकडे बघायला लागली. कुणीतरी पुटपुटलं, "सर, तो दाणा नंतर चिकटला असेल." भाऊजी म्हणाले, "मास्तरांचा डिंक असा नाही." मग त्यांनी नळी पुसली आणि शिंदेच्या हातात दिली.

पहिलेच रोगी होते श्रीगोंद्याचे एक ऊसवाले तात्या, मोठा फेटा, मोठा आवाज. ते भाऊजींचं नाव ऐकून आले होते. आत पोरगी बघितल्यावर ते टेबलावरून खाली उतरले. मी पडद्याबाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होतो.

"डाक्टर, म्या तुमच्यासाठी आलोय. ह्या लेकीम्होरं मला न्हाई जमायचं. तुमच्याच हातानं बगा."

"तात्या, माझ्या डोळ्यांनी आज एक सोडलाय. तिच्या डोळ्यांनी एकही नाही. तुमच्या पोटात मी कुठल्या डोळ्यांनी बघू, तुम्हीच सांगा."

तात्या जरा नरम होऊन म्हणाले, "मंग तुमी कुटं जानार?"

"मी कुठे जातोय? मी इथेच, तुमच्या उशाशी. आज माझी डोक्याकडची ड्यूटी आहे."

मग भाऊजींचा आवाज येऊ लागला, पण पाढ्यांचा नव्हे. ते तात्यांना ऊस किती आहे, पाणी कसं पुरवता, कारखान्याची टोळी वेळेवर येते का, असं विचारत होते. तात्या आधी कण्हत कण्हत, मग रंगात येऊन सांगत होते. मध्येच "आयो आयो" म्हणत होते, तेव्हा भाऊजी "दाबा, माझा हात जोरात दाबा," म्हणत होते. पाढे शिंदे म्हणत होती. आणि पाऊणकीच्या मध्यावर ती थांबली.

"सर, इथे घडीमागे काहीतरी आहे. तुरीच्या डाळीएवढं."

"परत बघ."

"आहे, सर."

तात्या पुढे पुण्याला जाऊन ऑपरेशन करून आले आणि ठणठणीत झाले. एवढं लहान असतानाच सापडलं म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनीही नवल केलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी शाळा बुडवून मी भाऊजींना घरी पोचवायला निघालो. रस्त्यात त्यांनी विचारलं, "कुठे होता रे, राहिलेला?" मी सांगितलं, दुसऱ्या वळणाच्या पलीकडे, मोठ्या चुणीच्या पाठीमागे. "जागा चांगली निवडलीस," ते म्हणाले. शाबासकी मिळाल्याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

घरी अक्का दारातच उभी होती. तिने आमचे चेहरे बघितले आणि काही न विचारता चहा टाकला. भाऊजी पाटावर बसले. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होते; तात्यांनी चांगलीच दाबली होती. मी म्हटलं, "फार वाईट वाटतंय का, भाऊजी?" त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी या कामात घालवली. पण तपासणी चालू असताना माणसाचा चेहरा कसा होतो, तो मी आज पहिल्यांदा बघितला. अगदी जवळून. एवढा मोठा फेटेवाला माणूस, आणि किती घाबरलेला असतो रे." मग म्हणाले, "हे मोजायचं माझ्याकडून राहूनच गेलं."

अक्काने कप त्यांच्या हातात नीट धरवून दिला, आणि ते पितील तोपर्यंत तिथेच बसून राहिली.